मानपत्राला यमक मिळेना

गेल्या श्रावणात आमच्या गावची चार तरुण मंडळी माझ्या पुण्याच्या बिऱ्हाडी आली. पावसाच्या गोष्टी झाल्या, भाताच्या झाल्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या झाल्या. चहा झाला. तरी मंडळी उठेनात. मी मनात म्हटले, वर्गणी! आणि खिसा चाचपला. पण वर्गणी निघाली नाही. तिच्याहून महाग गोष्ट निघाली.

आमचे गाव मुळशी खोऱ्यात, धरणाच्या अंगाला. जुने गाव पाण्याखाली गेले. आम्ही त्या गावाची वर सरकलेली वस्ती. तिथे १९७७ साली एक तरुण डॉक्टर आले आणि दोन वर्षांत बदली होऊन निघून जाण्याऐवजी नोकरी सोडून तिथेच राहिले. यंदा दिवाळीत ते दवाखाना बंद करणार. म्हणून धनत्रयोदशीला, म्हणजे धन्वंतरी जयंतीला, शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार. शाल ठरली, श्रीफळ ठरले, फेटा ठरला. उरले मानपत्र.

"लिहा की मग," मी म्हटले.

"आम्ही कशाला? तुम्ही लेखक ना! आणि पद्यात पाहिजे. गद्य काय, ग्रामसेवकसुद्धा लिहितो."

मी हो म्हटले, आणि दोन महिने त्या कागदाकडे फिरकलो नाही. का, ते पुढे सांगतो. मंडळींना मात्र मी कळवले, की यमक मिळत नाही. तेही अगदीच खोटे नव्हते. 'धन्वंतरी'ला 'अंतरी' मिळते, 'घरोघरी' मिळते, ओढूनताणून 'खरोखरी' मिळते. तिथे भांडवल संपते. 'रुग्ण'ला 'मग्न'. आणि 'इंजेक्शन'ला 'इलेक्शन'शिवाय काही सुचेना. ते गावच्या सत्काराला सोयीचे नव्हे.

मग लेखक करतात ते मी केले. स्वतःला लिहिता येईना, म्हणून दुसऱ्यांनी काय लिहिले ते पाहू लागलो. वैद्यांवर आजवर कोणी कविता केली?

आमच्या संस्कृत सुभाषितकारांनी केली, पण तिचे मानपत्र करता येत नाही. वैद्याला नमस्कार करून ते त्याला यमराजाचा सख्खा भाऊ म्हणतात, आणि फरक काय तर यम नुसता प्राण नेतो, हा प्राणांबरोबर पैसाही नेतो! हा श्लोक लिहिणाऱ्या कवीला नुकतेच बिल आले असावे.

ऋग्वेदात मात्र वेगळे आहे. अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य. त्यांच्या स्तुतीची सूक्तेच्या सूक्ते आहेत, आणि ती स्तुती मोघम नाही. लढाईत पाय गमावलेल्या विश्पलेला त्यांनी लोखंडाचा पाय बसवला, म्हाताऱ्या च्यवनाला तरुण केले, आंधळ्याला डोळे दिले, अशी रोग्यांची यादीच तिथे सापडते. दहाव्या मंडलात एक औषधीसूक्त आहे. परंपरा ते भिषग् आथर्वण या वैद्याच्याच नावावर घालते. वनस्पतींची स्तुती करता करता हा कवी मध्येच घोडा, गाय आणि वस्त्र मिळावे अशी इच्छाही बोलून जातो. फीची बाब इतक्या मोकळेपणी कवितेत आलेली मला दुसरीकडे दिसली नाही. पण याच वैदिक वाङ्मयात, तैत्तिरीय संहितेत, अश्विनांना यज्ञात सोमाचा वाटा द्यायला देव प्रथम कां कू करतात. कारण काय, तर हे वैद्य, माणसांत मिसळणारे! स्तुती करायची, पण पंगतीला घ्यायचे नाही. हा रिवाज फार जुना दिसतो.

आपल्या पुणे जिल्ह्यातही एक वैद्यकवी होऊन गेला. जुन्नरचा लोलिंबराज. त्याला सुमारे चारशे वर्षे झाली. त्याचे 'वैद्यजीवन' म्हणजे औषधांचा ग्रंथ, पण काढे आणि चूर्णे सांगायची ती बायकोला लाडाने हाका मारीत, शृंगाराच्या भाषेत. तापावरचा काढा असा सांगितलेला ऐकून निदान नवऱ्याचा ताप तरी उतरत असेल! पण ही वैद्याने केलेली कविता. वैद्यावर केलेली नव्हे.

वैद्यकातल्या शोधावर मोठ्या हौसेने कविता झाल्या त्या देवीच्या लशीवर. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीची लस टोचून पाहिली, आणि पुढल्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या कवींनी लेखण्या सरसावल्या. इंग्लंडात रॉबर्ट ब्लूमफील्ड नावाच्या, शेतमजुरी आणि चांभारकाम करून वाढलेल्या कवीने १८०४ साली लशीवर एक दीर्घ काव्य छापले. तो वर्षाचाही नव्हता, तेव्हा त्याचा बाप देवीने गेला होता. स्पेनच्या राजाने १८०३ साली लस अमेरिकेला धाडली. त्या वेळी बर्फाची पेटी नव्हती. म्हणून बावीस अनाथ मुले जहाजावर चढवली आणि एकाच्या दंडावरची लस दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती जिवंत ठेवीत समुद्रापार नेली. त्या सफरीवर किंताना या स्पॅनिश कवीने १८०६ साली स्तोत्र लिहिले.

हीच लस अशीच दंडादंडांवरून बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानात लस लागलेली ती पहिली व्यक्ती. मराठीत यावर महाकाव्य झाले असे नाही. पण मराठी माणसाने एक गोष्ट केली, ती मला त्या सगळ्या स्तोत्रांहून मोठी वाटते. रोगाला आपण 'देवी' म्हणत होतो. पोराला देवी आल्या, असे म्हणत होतो. लस टोचणारा गावात आला, तर त्या टोचण्यालाही आपण 'देवी काढणे' म्हणू लागलो. कोप करणारी तीही देवी आणि तारणारी तीही देवी! माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते आणि दंडावर देवी काढल्याचे वण माझ्या आहेत. १९७५ साली हा रोग हिंदुस्थानातून गेला आणि १९८० साली जगातून गेल्याचे जाहीर झाले. माझ्या मुलांच्या दंडावर तो वण नाही. तीन पिढ्यांच्या कातडीवर लिहिलेले हे काव्य आहे, वाचणारा पाहिजे.

शोधायला बसलो तेव्हा १८९७ हे एकच साल मला पुन्हा पुन्हा भेटू लागले. मुंबई-पुण्यात प्लेग होता. १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन याने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगचे रोगी पोचवता पोचवता त्यांनाच प्लेग झाला. त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ सालचा. कवितेने पुरे होत नाही तिथे कवीने काय करावे, याचे उत्तर त्यांनी असे देऊन ठेवले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. रोग्याला आणि घराला लष्करी हातांनी उपसले, की औषधाचीसुद्धा दहशत कशी होते, याची ती साक्ष. आणि २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले.

हा रॉस कवी होता! हुसेन खान नावाचा हिवतापाचा रोगी त्याने डास चावून घ्यायला बसवला होता. दर डासामागे एक आणा. असले चावलेले डास सूक्ष्मदर्शकाखाली चिरीत चिरीत तो त्या जंतूपर्यंत पोचला, आणि लगेच त्याने कविता लिहिली. देवाचे आभार मानले, आणि मरणाचे बीज हाती लागले म्हणून आनंद केला. पुढे कलकत्त्याला पक्ष्यांच्या हिवतापावरून त्याने सारे चक्र सिद्ध केले. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. कलकत्त्याच्या त्याच्या स्मारकावर ती कविता कोरलेली आहे. पण मला रॉस आवडतो तो दुसऱ्याच कारणाने. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी हाफकिनची लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने गेली, आणि हाफकिनवर ठपका आला. दोष लशीत नव्हता. तिथे बाटली उघडताना झालेल्या चुकीकडे पुरावा बोट दाखवीत होता. तरी तो माणूस वर्षानुवर्षे कलंक घेऊन हिंडला. तेव्हा त्याच्या बाजूने वर्तमानपत्रांत पत्रे लिहिणाऱ्यांत रॉस पुढे होता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्याचे नाव आहे. यशावरची कविता रॉसने स्वतःसाठी लिहिली. अपयशाने झोडपलेल्या माणसासाठी त्याने गद्य लिहिले. दोन्हींत मोठे कोणते?

इथे मी थबकलो. कारण माझी खरी अडचण हीच होती.

आता ती सांगतो. १९७८ सालची दिवाळी. मी बारा वर्षांचा, धाकटा भाऊ आठांचा. दिवाळीचा किल्ला करायला आम्ही बांधावरून दगड गोळा करीत होतो. त्याने एक चपटा दगड उचलला आणि किंकाळी फोडली. लाल विंचू. नुसता ठणका असता तर निभले असते. विंचू आमच्याकडे नवीन नव्हता. पण घटकाभरात तो घामाने निथळला, ओकू लागला, हातपाय गार पडले. मांत्रिकापाशी तास गेला. मग वडिलांनी त्याला पाठीवर घेतले आणि डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांना गावात येऊन वर्ष झाले होते. त्यांनी जवळ होती ती सर्व इंजेक्शने दिली. मध्यरात्रीनंतर भावाला दम लागला, तोंडाला फेस आला. पहाटे तो गेला. ज्या दगडांचा किल्ला होणार होता, त्यांची रास तशीच अंगणात पडून होती.

गावाने नेहमीप्रमाणे ठरवून टाकले, की पोर विंचवाने नाही, सुयांनी गेले. वडील पुढे दहा वर्षे त्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. आणि मी? मी शिकलो, शहरात आलो, शहाणा झालो. पण डॉक्टरांशी कधी डोळे वर करून बोललो नाही. ज्याच्या हातून भाऊ गेला त्याच्या नावाला मी यमक जुळवायचे! दोन महिने कागद कोरा राहिला, तो यासाठी.

नवरात्रात गावी गेलो तो सरळ दवाखान्यात गेलो. डॉक्टर जुन्या फायली बांधीत होते. मी म्हटले, "डॉक्टर, मानपत्र लिहायला माहिती हवी. किती रोगी बरे केलेत?"

ते म्हणाले, "बरे झालेले येत नाहीत रे, विसरून जातात. तेच बरे. गेलेले मात्र मला नावानिशी पाठ आहेत. तुझ्या भावापासून सुरुवात आहे."

मग त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि गोळ्यांची एक पट्टी माझ्यापुढे टाकली. प्राझोसिन. गोळी रक्तदाबाची. "ही तुझ्या भावाच्या वेळी जगात होती," ते म्हणाले. "पण विंचवाला ही लागते, हे जगाला ठाऊक नव्हते. आम्ही चाचपडत होतो."

ते कोणाला ठाऊक झाले, हे वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल. आमच्या ताम्हिणी घाटाने खाली कोकणात उतरले, की माणगावच्या पुढे महाड. तिथल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉक्टर हिंमतराव बावस्कर नोकरीला लागले. विंचवाने माणसे मरताना त्यांनी पाहिली, आणि नुसती पाहिली नाहीत. घाम, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारे पाणी, सारे खाटेपाशी बसून टिपून ठेवले. त्यांच्या ध्यानात आले, की विंचवाचे विष शरीराचेच उत्तेजक स्राव उसळवते. रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी गोळी वेळेवर दिली तर? १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी ही लक्षणे मांडली, आणि १९८६ साली या गोळीचा गुणही तिथेच कळवला. शंभरांतली तीसचाळीस माणसे जिथे दगावत, तिथे हे प्रमाण दोनतीनांच्या आत आले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी यांनी गोळीच्या जोडीला विंचवावरची प्रतिलसही देऊन पाहिली, आणि रोगी अधिक लवकर सावरतात हे २०११ साली दाखवून दिले. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. ना मोठी प्रयोगशाळा, ना परदेशी यंत्रे. काही रुपयांची गोळी आणि जागरणे.

आमचे डॉक्टर म्हणाले, "तो लेख वाचला त्या दिवसापासून ही पट्टी या खणातून हलली नाही. त्यानंतर विंचवाचे पोर माझ्या हातून गेले नाही. पण पहिले गेले, ते गेलेच."

मी घरी आलो आणि आईला म्हटले, "आई, डॉक्टरांवर काहीतरी लिहायचे आहे."

आई आता पंच्याऐंशीची. ती म्हणाली, "तू काय लिवनार? म्या कवाच केलंय."

वाचकांना ठाऊक असेल, आमचे मुळशी खोरे ओव्यांचे आगर आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांना बरोबर घेऊन इथल्याच नांदगाव, कोळवडे अशा गावांपासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि पुढे महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत सीता आहे, विठ्ठल आहे, सासर आहे. ओव्यांतला 'डॉक्टर' बहुतेक वेळा म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. पण आजारपणाच्या ओव्यांत वैद्यही येतो. तेव्हा आईने ओवी केली यात नवल नव्हते. नवल हे, की तिच्याच घरात वाढून ती मी ऐकली नव्हती. वडील ऐकतील म्हणून ती पहाटे एकटीच म्हणत असे.

"म्हण ना," मी म्हटले.

"जातं कुठं हाय? जात्याबिगर न्हाई येत."

जाते परसात उपडे पडले होते. मी आणि शेजारच्या पोराने ते ओसरीवर आणले. आईने मूठभर नाचणी घातली, खुंटा धरला, आणि दोन फेऱ्यांनंतर ओवी आली. ती शब्दशः छापायची नाही, असे तिने मला बजावले आहे, ती तिची. अर्थ सांगतो. माझ्या लेकराला न्यायला यमाचा दूत आला, तेव्हा उशाशी डॉक्टर बसला होता. दूत लेकरू घेऊन गेला. डॉक्टर जागचा उठला नाही. पहाटेपर्यंत त्याने गार हात सोडला नाही. म्हणून तो मला पाठचा भाऊ.

दोन ओळींत तिने जे केले, ते मला कागदाच्या चार तावांत जमले नव्हते. रोगी वाचला म्हणून वैद्याची स्तुती कोणीही करील. तिने न वाचलेल्या पोराच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरची स्तुती केली, आणि ओवीत स्त्री ज्याच्यावर सगळ्यांत अधिक माया करते, त्या भावाचे नाते त्याला दिले. वडिलांचा राग, गावाचा बोल आणि माझा मुका अबोला, सगळे तिने जात्यात घालून कधीच दळून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे जाऊन ती ओवी सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुझी आई चुकली. मी दोनदा उठलो होतो. एकदा पाणी प्यायला. आणि एकदा मागच्या ओसरीवर..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पण ओवीत दुरुस्ती करू नको. आणि मानपत्रात माझे कौतुक थोडे कर. त्याऐवजी एक काम कर."

ते काम मी केले. मानपत्र गद्यात आहे, सुबक नाही, आणि पोरांची थोडी निराशा होईल. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर कदाचित ते वाचूनही झाले असेल. त्यात 'धन्वंतरी' हा शब्द एकदाच आला आहे, यमकावाचून. शेवटचा परिच्छेद डॉक्टरांच्या सांगण्यावरून घातला आहे. तो आमच्या गावापुरता नाही, म्हणून इथेही देतो.

दिवाळीत मुले किल्ला करतील. दगड हाताने उलटू देऊ नका, काठीने उलटा. पेंढ्यात, लाकडांच्या राशीत हात घालण्याआधी बघा. चप्पल झटकून घाला. विंचू चावला, आणि पोराला घाम फुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्राला बसू नका आणि मोठ्या शहराची वाटही धरू नका. जवळचा दवाखाना गाठा, आणि लगेच गाठा. औषध आहे. १९७८ साली ते कोणाला ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे.